ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो? आधी विचारा, कधी ओढतो!

उसाचा हंगाम जवळ आला की गावोगावच्या गॅरेजवर एकच तक्रार ऐकू येते, “मिस्त्री, ट्रॅक्टर डावीकडं ओढतोय.” मिस्त्री पान्हा उचलतो, स्टिअरिंग बॉक्स उघडतो, दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहतो आणि हजारांचं बिल होतं. एवढं करून शेवटी दोष निघतो तो कमी भरलेल्या हवेत! माझं स्पष्ट मत आहे की, ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या दहा तक्रारींपैकी बऱ्याचशा शेतकऱ्याला बांधावरच उकलता येतील. त्यासाठी पान्ह्याच्या आधी प्रश्न विचारायची सवय लावून घ्यायला हवी.

पहिला प्रश्न : नेमका कधी ओढतो? मोकळा ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर चालवताना, ब्रेक दाबल्यावर, का अवजार जोडल्यावर? या तीन उत्तरांच्या तीन वेगळ्या वाटा आहेत. तिन्ही एकत्र केल्या की गोंधळ होतो आणि गोंधळाचे पैसे आपल्या खिशातून जातात.

आणखी एक गोष्ट. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून आपल्याकडचे रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डाव्या अंगाने चालतो, म्हणून चांगलं वाहनही डावीकडं थोडं सरकतंच. तेव्हा परीक्षा डांबरी रस्त्याच्या कडेला घेऊ नका. सपाट, कोरड्या माळावर हळू चालवून बघा.

मोकळा असतानाच ओढत असेल तर

सुरुवात टायरपासून करा. हवा डोळ्यांनी ओळखता येत नाही, काट्यावर मोजा. बहुतेक ट्रॅक्टरच्या पुस्तकात पुढच्या चाकांत साधारण २४ ते ३२ पौंड आणि शेतकामासाठी मागच्या चाकांत १२ ते १६ पौंड हवा सांगितलेली असते. आपल्या ट्रॅक्टरचं पुस्तक काय म्हणतं, तोच आकडा खरा. आकड्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे डाव्या-उजव्या चाकाची हवा सारखी हवी. ज्या बाजूला हवा कमी, त्या बाजूचं चाक जड जातं आणि ट्रॅक्टर तिकडं वळतो.

मागच्या टायरमध्ये पाणी भरलं असेल, तर पंक्चर काढताना एका चाकातलं पाणी काढलं आणि परत भरायचं राहिलं, असं होतं. मग दोन चाकांच्या वजनात मोठा फरक पडतो. शेजारचा म्हणतो “गिअरमध्ये गडबड आहे,” आणि दोष असतो पाण्यात. दोन्ही टायरचा आकार आणि झीजही पाहा. एक टायर नवं आणि दुसरं गोटा झालेलं असेल तर ट्रॅक्टर सरळ चालेल कसा?

टायरवर शंका असेल तर सोपी युक्ती आहे. पुढची दोन चाकं डावी-उजवी बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. ओढ तिथंच राहिली तर दोष खाली, पुढच्या धुऱ्याकडं.

मग जॅक लावा. मागच्या चाकांना दगड देऊन पुढचं चाक उचला. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिनचे बुश झिजले आहेत. मग आडवं हलवा. ढिलं वाटलं तर टायरॉडचे बॉल तपासायला हवेत. दोन्ही चाकं पुढून आणि मागून किती अंतरावर आहेत, तेही मोजता येतं. हबच्या उंचीवर टायरच्या मधोमध खडूची खूण करा, पुढून अंतर मोजा. मग ट्रॅक्टर चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतका पुढे न्या आणि त्याच खुणांचं अंतर मागून मोजा. पुढचं अंतर थोडं कमी असावं, काही मिलिमीटर, पुस्तकात दिलं असेल तेवढंच. जास्त फरक आला तरच टायरॉड फिरवायला मिस्त्रीकडं जा.

शेवटी मागची चाकं. पुढच्या चाकांना दगड द्या, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. एक मागचं चाक उचलून हाताने फिरवा, मग दुसरं. एक हलकं आणि एक जड लागलं तर जड बाजूचा ब्रेक चिकटतोय. ट्रॅक्टर नुकताच फिरवून आणल्यावर एकाच बाजूचा ब्रेकचा भाग जास्त तापला असेल तरी खूण तीच.

ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर

हा सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. शेतात चट्‌कन वळता यावं म्हणून ट्रॅक्टरला डावा-उजवा ब्रेक वेगळा दिलेला असतो. रस्त्यावर दोन्ही पेडल पट्टीने जोडलेच पाहिजेत. आपल्याकडं किती ट्रॅक्टरची ही पट्टी गंजून पडलीय, जरा मोजून बघा. पट्टी जोडली तरी दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी नसेल तर एक ब्रेक आधी लागतो आणि ट्रॅक्टर त्या बाजूला झेपावतो. एका बाजूच्या कोरड्या ब्रेकवर धुऱ्याचं ऑइल गळत असेल, तर तो ब्रेक धरतच नाही आणि ट्रॅक्टर चांगल्या ब्रेकच्या बाजूला ओढतो. म्हणून ओढ उजवीकडं असेल तर डावा ब्रेक आधी पाहा.

मागं भरलेली ट्रॉली आहे, तिला स्वतःचे ब्रेक नाहीत आणि उतार आहे. अशा वेळी ट्रॉली ट्रॅक्टरला पाठीमागून ढकलते. त्यात एकच चाक धरलं तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. यात चालक वाचणं नशिबाचं आहे. ट्रॉलीवर माणसं बसवलेली असतील तर त्यांचं काय? चिंधी बांधून चालवलेल्या त्या पट्टीची किंमत तेव्हा कळते.

अवजार जोडल्यावरच ओढत असेल तर

मोकळा सरळ चालणारा ट्रॅक्टर नांगर लावल्यावर ओढायला लागला, तर ट्रॅक्टरला दोष देऊ नका. नांगराची ओढ ट्रॅक्टरच्या मध्यरेषेवर येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लिंकच्या चेक चेन सारख्या आवळल्यात का, अवजार आडवं समतल आहे का, चाकांचं अंतर नांगराच्या रुंदीला जुळतं का, ते पाहा. पलटी नांगर असेल तर परीक्षा आणखी सोपी आहे. नांगर पलटल्यावर ओढही बाजू बदलत असेल, तर दोष अवजाराच्या मांडणीत. नांगर कुठल्याही बाजूला असला तरी ओढ एकाच अंगाला राहत असेल, तर ट्रॅक्टरकडं परत या.

गावानेही काही करावं

हे सगळं सांगितलं, ते मिस्त्रीचा धंदा बुडवायला नव्हे. मिस्त्री हवाच, पण आपण त्याच्याकडं ‘ब्रेक दाबल्यावर उजवीकडं ओढतो, मोकळा सरळ चालतो’ एवढं पक्कं सांगत गेलो, तर त्याचाही वेळ वाचेल आणि आपलाही खिसा.

शासन अवजारं घ्यायला अनुदान देतं, ते चांगलंच आहे. २०१४-१५ पासून केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेतून अवजार बँकाही निघाल्या. पण घेतलेलं यंत्र रस्त्यावर सुरक्षित चालतंय का, हे वर्षातून एकदा तरी पाहायचं काम कुणाचं, याचं उत्तर गावात मिळत नाही. त्यासाठी वेगळी योजना यायची वाट पाहायला नको. ग्रामपंचायतीने किंवा विकास सोसायटीने एक चांगला हवेचा काटा आणि एक मजबूत जॅक ठेवावा. हंगामाआधी एक दिवस ठरवून गावातले ट्रॅक्टर-ट्रॉल्या माळावर आणाव्यात आणि जवळच्या आयटीआयच्या ट्रॅक्टर विभागाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला माणूस पाठवण्याची विनंती करावी. हवा, पेडलची पट्टी, ब्रेकची चाल, ट्रॉलीचा जोड-पिन आणि मागचे लाल रिफ्लेक्टर, एवढ्या पाचच गोष्टी तपासाव्यात. सरपंचांनी हे मनावर घेतलं तर खर्च फार नाही.

बैल लंगडला तर आपण त्याचा खूर उचलून पाहतो. ट्रॅक्टर बोलत नाही, तो नुसता ओढतो. त्याचंही चाक उचलून पाहायला काय हरकत आहे?