कातीव म्हणजे काय?

मराठी समीक्षेत 'कातीव' या विशेषणाला फार जुनी प्रतिष्ठा आहे. कथा कातीव असते, शैली कातीव असते, कवितेची ओळ तर कातीव म्हटल्याखेरीज तिचे कौतुक पुरे झाल्यासारखे वाटत नाही. त्याच समीक्षेत 'निव्वळ कारागिरी' हा शेरा मात्र नापसंतीचा. म्हणजे कातलेली वस्तू आपल्याला हवी असते, कातारी नको असतो. हे दोन्ही शब्द मीही वर्गात आणि परीक्षणांत अनेक वर्षे बिनदिक्कत वापरले. एका विद्यार्थिनीच्या कथेखाली मी 'रचना कातीव, पण अखेर कारागिरीच' असे लिहिले, तेव्हा तिने विचारले, "सर, कातीव म्हटले की कारागिरी आलीच ना?" मला उत्तर देता आले नाही. कातीव म्हणजे काय, हे मला शब्दकोशापलीकडे ठाऊकच नव्हते.

पुढच्या सुटीत सावंतवाडीला जाणे झाले. तिथली चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाट, फळे, भातुकली यांच्याबरोबर शोभेचे मेणबत्ती-स्टँडही तिथे मिळतात. जुन्या मराठीत ज्याला शमादान म्हणत, तीच ही वस्तू. एका कारखान्यात काही दुपारी बसून काम पाहिले आणि शेवटी एक शमादान स्वतः कातून पाहिले. ते तुटले. पण त्या तुटण्यातून जे समजले ते मला आमच्या समीक्षेच्या कामाचे वाटते.

लाकूड प्रथम पुरेसे वाळलेले लागते. ओल्या लाकडाचा गोल काढला तर तो गोल राहत नाही. वाळताना लाकूड वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडे आकसते. त्यामुळे आज गोल असलेला खांब काही महिन्यांनी लंबगोल होतो. वाळलेला चौकोनी तुकडा दोन टोकांच्या केंद्रबिंदूंवर लेथमध्ये पकडतात. रेषा खांबाच्या लांबीने धावतील असाच तुकडा निवडावा लागतो, कारण त्या आडव्या गेल्या तर बारीक मान पहिल्याच धक्क्याला तुटते. मग गोल तोंडाच्या पटाशीने कोपरे उडवून दंडगोल करायचा आणि त्यावर खुणा करून मणी, खाचा, गळा काढत जायचे. हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यायचे. उलट नेले तर लाकडाचे तंतू उचकटतात आणि पृष्ठभाग फाटतो. बैठक वेगळ्या रुंद तुकड्याची. खांबाच्या टोकाची कूस तिच्या मधल्या भोकात बसते. सर्वांत शेवटी रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पातळ थर चढतो आणि तो केवड्याच्या पानाने घोटला जातो.

इथे पहिला गैरसमज दूर झाला. आपण 'कातीव' आणि 'घोटीव' हे शब्द जोडीने, जणू समानार्थी म्हणून वापरतो आणि दोहोंचा अर्थ 'गुळगुळीत' असा घेतो. कारखान्यात या दोन अगदी निराळ्या अवस्था आहेत. घोटणे पृष्ठभागाचे असते, कातणे आकाराचे. घोटून वाईट आकार चांगला होत नाही, उलट चकाकीमुळे त्याचा दोष लांबूनच दिसू लागतो. ज्या कथांना आपण कातीव म्हणतो त्यांतल्या कितीतरी केवळ घोटीव असतात.

'कातणे' हे क्रियापद आपण सुतालाही लावतो आणि लाकडालाही. पाणिनीय धातुपाठात 'कृत्' हा धातू छेदनाच्या अर्थाने येतो आणि वेष्टनाच्याही. एकात कापणे, दुसऱ्यात गुंडाळणे. सूत कातणारा कापसाला पीळ देत धागा लांबवत जातो. तुटला तर पुन्हा जोडतो. लाकूड कातणारा फक्त काढून टाकतो, आणि काढलेले परत लावता येत नाही. मण्याच्या कडेला चूक झाली तर उपाय एकच, सगळाच मणी लहान करायचा. आणि तो लहान झाला की त्याच्या शेजारच्या खाचेचे प्रमाण बिघडते. शमादानावरची नक्षी वरून चिकटवलेली नसते. काढून टाकल्यावर जे उरते तीच नक्षी. आणि जे काढायचे ते एका अदृश्य अक्षाभोवतीच काढावे लागते. अक्षाला सोडून असणारा कोणताही आकार, कितीही सुंदर असला तरी, त्याच पकडीत लेथवर शक्य नाही.

मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) मधील लयतत्त्व विद्यार्थ्यांना समजावताना माझी नेहमी दमछाक होते. संवाद, विरोध आणि समतोल या तीन शब्दांना उदाहरण म्हणून मी अशीच एखादी कविता घेतो आणि अर्थाच्या जंजाळात अडकतो. शमादानाच्या खांबात अर्थाची अडचण नाही. मण्याला मणी संवादी, मण्याला खाच विरोधी, आणि खालच्या जड बैठकीला वरच्या वाटीचा समतोल. पण हे लिहीत असतानाच मर्ढेकरांच्या विचारातली एक उणीवही जाणवते. शमादानाचा समतोल केवळ डोळ्यांना जाणवणारा नसतो. बैठक अरुंद असेल तर पेटलेली मेणबत्ती खरोखर कलंडते.

कारागिरीला कमी लेखण्यामागे आपल्याकडे कॉलिंगवुडचा मोठा आधार घेतला जातो. 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (1938) मध्ये त्याने सांगितले की कारागिराला काय घडवायचे ते आधी माहीत असते, योजना आणि कृती वेगळ्या करता येतात. कलेत तसे होत नाही. पन्नास शमादाने एकाच मापाची काढायची असतात तेव्हा हे खरे आहे. पण त्याच दिवशी त्याच कातारीच्या हाताला खांबाच्या मध्यावर एक गाठ लागते, आणि कागदावरची खाच सोडून तिथे मणी ठेवावा लागतो. मग वरचे सगळेच नव्याने ठरवावे लागते. त्या घटकेपुरते कॉलिंगवुडचे वर्णन अपुरे पडते. याउलट ठरलेल्या साच्याच्या पन्नास कथा लिहिणारे लेखकही आपण पाहतो. तेव्हा कला आणि कारागिरी यांच्यामधली रेषा माणसांच्या दोन जातींमधून जात नाही. ती एकाच हाताच्या कामातून, कधी इकडे कधी तिकडे, जाते.

मग कारागिरीवर टीका करूच नये काय? जरूर करावी, पण योग्य जागी. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' मध्ये (1857) करवसुली अधिकारी बिने फावल्या वेळात लेथवर रुमालकडी कातत असतो. एमा माळ्यावरच्या खिडकीत जीव द्यायच्या विचाराने उभी असते तेव्हा त्या लेथची घरघर तिच्या कानांवर येते. पुढे ती पैशांसाठी त्याच्या दारी जाते त्या वेळी तो गोलात गोल कोरलेली, कशाच्याही उपयोगाची नसलेली एक वस्तू लाकडात उतरवत असतो. आपल्या गद्यावर दिवसेंदिवस राबणाऱ्या फ्लोबेरने बिनेमध्ये स्वतःचीच भीती रंगवली असावी, असे मला वाटते. बिनेचा दोष कौशल्याचा नाही. त्याच्या वस्तूवर कशाचाच भार येत नाही, आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या संकटाचा त्याच्या हातावर काहीही परिणाम होत नाही, हा तो दोष आहे.

माझे शमादान कसे तुटले ते आता सांगतो. मान आणखी नाजूक करावी म्हणून मी पटाशी एकदा जास्त फिरवली. ती तुटण्याआधी शेजारच्या कातारीने विचारले होते, "ह्याच्यार मेणबत्ती लावची आसा, काय नुसता बघूचा आसा?" शोभेच्या वस्तूबद्दल हा प्रश्न विचारता येतो, हेच मला सुचले नव्हते. तयार शमादानांच्या वाटीत पितळेची टोपी असते, ती ज्योत खाली उतरली तरी लाकूड जळू नये म्हणून. म्हणजे शोभेसाठी घेतलेल्या वस्तूनेही आगीची तयारी ठेवलेली असते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. एखाद्या कथेला कातीव म्हणायचे असेल तर तिचा अक्ष कोणता, काय काढून टाकले आहे आणि उरलेल्यावर कसला भार आहे, हे दाखवता आले पाहिजे. ते दाखवता येत नसेल तर 'गुळगुळीत' हा प्रामाणिक शब्द उपलब्ध आहे. आणि 'निव्वळ कारागिरी' हा शेरा निदान काही वर्षे तरी आपण मिटवून ठेवावा. त्या विद्यार्थिनीची कथा मी पुन्हा वाचली. तिच्यात एक आई आहे, आणि सगळी कथा तिच्या एका न बोललेल्या वाक्याभोवती फिरते. पहिल्या वाचनात मला फक्त वाक्यांची चकाकी दिसली होती. शेरा मी खोडला आहे. नवा अजून लिहिलेला नाही.