स्लॅबखालची संध्याकाळ

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलं की केदारखेड्यासारख्या वर्दळीच्या गावांतून हल्ली आरशाच्या निळ्या काचेची दुकानं दिसू लागली आहेत. पूर्वी दुकानापुढे पत्र्याची पडवी असायची, खाली बाकडं असायचं. आता पडवी जाते आणि तिथे काच येते. ही काच ऊन आत घेत नाही, असं मालक सांगतो, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. ती ऊन परत फेकते. ते जातं रस्त्यावर, समोरच्या रसवंतीवर, एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या म्हातारीच्या अंगावर. उरलंसुरलं आत शिरतं त्याच्यासाठी एसी असतो, आणि त्याची गरम हवाही गल्लीतच सुटते. वीज वाचली म्हणतात ती कुणाची, एवढंच विचारायचं आहे.

या काचेची मला पटलेली चिकित्सा कुणा इंजिनिअरची नाही, एका रॉकवेड्या अमेरिकन कलावंताची आहे. डॅन ग्रॅहम (१९४२–२०२२). त्याची ‘रॉक माय रिलिजन’ ही १९८२ ते ८४ या काळात केलेली व्हिडिओकृती जेमतेम पाऊण-एक तासाची आहे. न्यूयॉर्कच्या अंडरग्राउंड रॉकची धुरकट, हलती दृश्यं, गायिका पॅटी स्मिथ, सोनिक यूथ हा बँड. आणि त्यांच्या शेजारी त्याने बसवला अठराव्या शतकातला शेकर पंथ, जो गोल फिरत, अंग थरथरवत देवाला आळवायचा. आपल्याकडे घुमणं, अंगात येणं लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तिकडे मात्र रॉकला धर्माच्या पंगतीला बसवणं धाडसाचं होतं.

हाच माणूस घरांच्याही मागे लागलेला होता. १९६६ साली त्याने अमेरिकन उपनगरांतल्या साच्यातून काढलेल्या घरांवर एक सचित्र लेख छापला, तो आता कलाकृती म्हणूनच ओळखला जातो. पुढे तेल महागलं आणि आरशाच्या काचेच्या ऑफिस-इमारती ऊर्जा वाचवणाऱ्या म्हणून मिरवू लागल्या, तेव्हा त्याने तीच काच हातात घेतली. या काचेतून आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं. बाहेरच्याला दिसतं फक्त आपलं तोंड. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या डिया सेंटर या कलासंस्थेच्या गच्चीवर त्याने अशाच काचेचा चौकोन आणि त्याच्या आत काचेचाच गोल उभा केला. लोक वर जाऊन त्यात फिरायचे आणि ढगाबिगाबरोबर एकमेकांची प्रतिबिंबं बघायचे.

काचेचं राहू द्या, ती दहा दुकानांची हौस आहे. आपला खरा प्रश्न डोक्यावर आहे.

मराठवाड्यातलं जुनं घर माळवदाचं. लाकडी खांब, त्यावर तुळया, आडव्या कड्या, त्यावर किलचणं, मग पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती खारवट असते. पाऊस पडला की तिचे कण फुगतात, छिद्रं बुजतात आणि पाणी वरच अडतं. दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, दाबायची, उंदरांची बिळं बुजवायची. मधे धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं साणं. फूटभर मातीतून उन्हाची धग खाली यायला आठ-दहा तास लागतात; ती येईपर्यंत रात्र झालेली असते आणि घरची माणसं अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असतात.

आता चार-पाच इंचांचा स्लॅब. काँक्रीट मातीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने उष्णता वाहतं. दुपारचं ऊन दोन-तीन तासांत खाली उतरतं, आणि नेमकं चूल पेटायच्या, पोरं अभ्यासाला बसायच्या वेळी छत भट्टीसारखं पाझरत राहतं. पंखा तीच हवा खाली ढकलतो. कूलर लावावा तर एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर कधी येईल याची वाट बघणाऱ्या गावात कूलरची टाकी कशाने भरायची? पत्र्याच्या घराचं तर बोलायलाच नको. तिथे बायका पत्र्यावर तुराट्या नि पऱ्हाट्या पसरतात, कुणी भोपळ्याचा वेल चढवतं. हे अडाणीपण नाही. पत्र्यावर सावली आणि मधे हवा, यापेक्षा शहाणा उपाय कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

मग माळवद सोडलं कशाला? याचं उत्तर देताना जुन्या घरांचे भक्त गप्प होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटं असताना किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या पट्ट्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. चिखलात रचलेल्या दीड-दोन हातांच्या दगडी भिंती, त्यात आरपार बांधणारा दगड नाही. वर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती. झोपलेली माणसं तिच्याखाली गाडली गेली. त्यानंतर मराठवाडाभर माणसाला मातीच्या छपराखाली झोप लागेना, आणि त्यात त्याची चूक काही नव्हती. पण पाहणी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जिथे छत भिंतीवर नव्हे तर खणांच्या लाकडी सांगाड्यावर पेललेलं होतं, तिथे भिंती बाहेर कोसळूनही बरेच सांगाडे उभे राहिले. हा धडा फारसा कुणी घेतला नाही. लाकूड तोवर परवडेनासंही झालं होतं, आणि सळई तर आपल्या जालन्यातच तयार होते. भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्यांच्या जिल्ह्यात स्लॅब हीच प्रतिष्ठा झाली. बोलणी करायला आलेले पाहुणेही आधी वर बघतात, स्लॅब आहे का पत्रे.

स्लॅब राहणारच. माळवदाकडे परत चला, असं मी म्हणत नाही. ते दरवर्षी राखायला घरात हात कुठे आहेत? म्हणणं एवढंच आहे की माळवदाची मजबुतीतली खोट टाकताना त्याचं उन्हाशी असलेलं शहाणपणही आपण उकिरड्यावर टाकलं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघायला गेलात तर वरच्या हौदाखालच्या दालनात थोडं बसा. डोक्यावर पाणी ठेवून खालच्या दालनात उतरलेला यात्रेकरू गार ठेवायची ही युक्ती अठराव्या शतकातली आहे. छतावरच ऊन अडवायचं, हे इथल्या माणसाला तेव्हाही ठाऊक होतं.

नियम नाहीत असंही नाही. केंद्राने २०१८ साली राहत्या घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. छतातून किती उष्णता झिरपावी याची मर्यादा तिने घातली, १.२ या आकड्याची. आपल्या उघड्या स्लॅबचा हाच आकडा तीनच्या वर जातो. पण ही संहिता लागू केली ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला. सरकारी घरकुल असतं साधारण २५ चौरस मीटरचं. म्हणजे ज्याला एसी परवडतो त्याच्या छताची काळजी कायद्याला, आणि ज्याला पंख्याचं बिल जड जातं त्याचं छत रामभरोसे.

उपाय महाग नाहीत. स्लॅबवर चुन्याचा घट्ट पांढरा हात ताजा असेपर्यंत बहुतेक ऊन परत पाठवतो, आणि तेही वर आकाशात, शेजाऱ्याच्या अंगावर नाही. काळवंडलेलं काँक्रीट त्यातलं बरंचसं पिऊन टाकतं. दरवर्षी होळीनंतर हात मारावा लागेल, माळवदाला माती टाकायचोच की. पैसे असतील तर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर. फक्त कोब्याचं वजन स्लॅब टाकतानाच हिशेबात धरा, किल्लारी विसरू नका. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं, त्यात सरकारी घरांचाही समावेश आहे. आपण अजून घरकुलाच्या अनुदानात सळई बसते का सिमेंट, याच गणितात आहोत.

त्या अनुदानाचे हप्ते सुटतात ते फोटोवर. जोत्याचा फोटो, छतापर्यंतचा फोटो, शेवटी रंगवलेल्या घरापुढे कुटुंबासह फोटो, प्रत्येकाला जागेचा ठसा. सगळे जमिनीवर उभं राहून काढलेले. शेवटचा हप्ता सोडण्याआधी एक फोटो गच्चीवर चढून काढायचा, आणि गच्ची पांढरी दिसली तरच सही करायची, एवढी एक ओळ शासन निर्णयात घालायला कुठली समिती नेमावी लागते?