आज ग्रेडर आपण आहोत



कापसाचे चुकारे हातात पडले, रब्बीची ज्वारी खळ्यावर आली, की आपल्या जिल्ह्यात जुन्या चारचाकीचे सौदे सुरू होतात. अंबड असो, परतूर असो की भोकरदन, बैठक संपली की कोणीतरी आम्हाला बाजूला घेतो आणि हळू आवाजात विचारतो, "भाऊ, दहा वर्षांची गाडी मिळते आहे, उंच आहे, आपल्या रस्त्याला चालेल. घ्यावी का?" आवाज हळू असतो, कारण शेतकऱ्याच्या दारात गाडी दिसली की शहरातल्या शहाण्यांच्या पोटात दुखते, हे त्याला ठाऊक असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली तर एस.टी. येत नाही. गाडी ही चैन नव्हे, गरज आहे. प्रश्न एवढाच, की ती फसवून घेऊन येऊ नये.

आधी हिशेब मांडू. गाडी तीन लाखांची धरा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ही गाडी ३७ क्विंटल कापसाची झाली. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर साडेसात एकरांची सगळी वेचणी त्या एका किल्लीत गेली. आणि हमीभाव पदरात पडला नसेल तर त्याहून जास्त. घरी आणल्यावर चाळीस हजारांचे काम निघाले तर आणखी एक एकर गेला. ते काम निघते बहुधा मृगाच्या तोंडावर, बियाण्याच्या पैशाला हात लावायला.

एकाधिकार खरेदीचा ग्रेडर आपल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. १९७२ साली ती योजना आली. गाडीतला कापूस उपसून तो ओल बघे, कवडी शोधे, धागा ताणे आणि एका शब्दात वर्षाच्या कष्टाची किंमत ठरवी. आजही सीसीआयच्या केंद्रावर ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की गाडी परत फिरते. आयुष्यभर आपण मालाकडे बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतो. आणि ज्या दिवशी पैसा आपल्या हातात असतो, त्या दिवशी मात्र नवा रंग आणि चकचकीत सीट कव्हर बघून विसार देऊन मोकळे होतो! आमचे म्हणणे एवढेच आहे: त्या दिवशी ग्रेडर आपण आहोत. तेवढ्याच कडकपणे माल तपासा.

हे आम्ही शहाणपण मिरवण्यासाठी सांगत नाही. आमच्याच एका कार्यकर्त्याने दौऱ्यांसाठी अशी गाडी घेतली. मीटरवर ६२ हजार किलोमीटर. आम्ही चौघे सोबत होतो, चौघांनी चहा घेतला आणि चौघांनी मान डोलावली. तीन महिन्यांनी क्लच बसला. मग कोणीतरी जुन्या सर्व्हिसची नोंद काढली. दोन वर्षांपूर्वीच ती गाडी १ लाख ४८ हजार किलोमीटर चाललेली होती. मीटर मागे फिरवता येते. झिजलेले पॅडलचे रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि ड्रायव्हरच्या बाजूची बसलेली सीट मागे फिरत नाही. बैलाचे दात बघणाऱ्या आम्हा चौघांना एवढे दिसले नाही.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि आधी चालू करून ठेवू नका असे सांगून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर काही लपवले आहे असे समजा, कारण थंड इंजिनच खरे बोलते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंजिनात पाणी शिरत असावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर हेड गॅस्केट मिस्त्रीकडून तपासल्याशिवाय पुढे बोलूच नका. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबा. इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच संपला. मग डांबरी सोडून पांदणीच्या रस्त्याने दोन किलोमीटर न्या. खालून येणारा खडखडाट विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. तेही वाचा.

गाडीखाली आडवे व्हा. चेसिसवर नवे वेल्डिंग दिसते का, गंज किती आहे ते पाहा. पट्टे शेवटपर्यंत ओढा. आत मातीची रेघ असेल, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ असेल, तर ती गाडी पुरात बुडालेली आहे. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत, २०२१ साली चिपळूणला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेल्या गाडीची वायरिंग आज नाही तर उद्या दगा देते.

आता नावाचा प्रश्न. कोणती कंपनी चांगली, असे सगळे विचारतात. आम्ही उलटे विचारतो: तुमच्या तालुक्यातला मिस्त्री कोणती गाडी उघडतो? पद्मिनीवाल्या प्रीमियरने २००९ साली चार मीटरच्या आतली रिओ ही गाडी पुण्याजवळ चिंचवडला काढली. पुढे त्या कंपनीचे मोटार बनवणेच थांबले. इकोस्पोर्ट २०१३ साली आली. २०२१ साली फोर्डने भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. पहिली डस्टर २०१२ ची, ती २०२२ साली थांबली. या गाड्या वाईट होत्या असे नाही, त्यामुळेच त्या स्वस्तात मिळतात. पण भाग कोठून येणार आणि किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी विचारा. या दोन्हींच्या डिझेल इंजिनाला टायमिंगचा पट्टा असतो. तो बदलल्याची पावती नसेल तर त्याचा खर्च किमतीतून वजा करा. चालत्यात तुटला तर इंजिनच उघडावे लागते. २०१६ च्या ब्रेझातले १.३ लिटरचे डिझेल इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत होते, म्हणून त्याचे जाणकार गावोगाव आहेत. बोलेरो आणि टीयूव्ही ३०० चेसिसवर उभ्या आहेत. मजबूत, पण म्हणूनच ओझे वाहून थकलेल्या सापडतात. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीला धुराची गाळणी असते. रोज गाव ते तालुका एवढेच चालवणार असाल तर ती तुंबते, हे लक्षात ठेवा.

कागद हा मालाचाच भाग आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तेरा वर्षांची गाडी घेतली तर दोन वर्षांत पुन्हा तपासणी, फी आणि पर्यावरण कर आलाच. इंजिन आणि चेसिसचा नंबर आर.सी.शी स्वतः ताडून पाहा. आर.सी.वर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय रक्कम देऊ नका. बाकी चलन, विमा मोबाईलवर दिसतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंदीचे आदेश निघाले, त्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात आल्या. पण परराज्यातल्या गाडीला ना-हरकत लागते आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. नाव बदलून एम.एच. २१ ची आर.सी. आपल्या नावे होईपर्यंत सौदा पुरा झाला असे मानू नका. जुनी गाडी विकणाऱ्यांनीही ऐकावे: नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची.

भावाबद्दल एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी उतरली, तर जुनीचा भाव जुन्याच हिशेबाने का द्यायचा? आपल्या कापसाला हा न्याय रोज लावतात. आपणही लावू या. आणि ठरलेल्या किमतीचा पाचवा हिस्सा घरात राखून ठेवा, पहिल्या वर्षाच्या कामासाठी. तो हिस्सा राहत नसेल तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही, स्वस्त असली तरी.

तालुका बैठकांना आमची एक सूचना आहे. सौद्याला एकट्याने जाऊ नये. प्रत्येक तालुक्याने दोन भरवशाचे मिस्त्री ठरवावेत, त्यांची मजुरी घेणाऱ्याने आनंदाने द्यावी, आणि त्यांनी नाही म्हटले की उठून यावे. मोंढ्यातून कापूस परत आणताना आपल्याला मान खाली घालावी लागते. इथे रिकाम्या हाताने परत येण्यात कसलीच नामुष्की नाही. पैसा आपल्या खिशात आहे, आणि गाड्या पुष्कळ आहेत.