‘करमुक्त’ दुबई आणि शाळेची फी


‘दुबईला चला, करच नाही’ हा गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचा सल्ला अर्धाच आहे. पगारावर तिथे प्राप्तिकर नाही, कबूल. पण आर्थिक वर्षातले 182 दिवस इथे काढून मग विमानात बसलात, तर त्या वर्षापुरते तुम्ही भारताचे रहिवासीच. दुबईचा पगारही सहसा इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं तर अनिवासी झाल्यावरही इथे करपात्र. शिवाय 2018 पासून तिथे 5 टक्के व्हॅट आहे.

खरी मेख शाळेची. परदेशी कुटुंबांची मुलं तिथे मुख्यतः खासगी शाळांत जातात. माझ्या भाचीच्या फीपत्रकात बस, गणवेश, पुस्तकं यांचे रकाने वेगळे निघाले; नुसती मूळ फी पाहून हुरळलेल्या मेहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, ब्रिटिश शाळांचं साधारण ऑगस्टअखेरीस. अध्येमध्ये गेलात तर जागा असेल ती शाळा गोड मानून घ्यायची. केएचडीए या नियामक संस्थेचे शाळानिहाय तपासणी अहवाल खुले आहेत, ते आधी वाचावेत. आणि फी कंपनी भरणार असेल, तर ते नेमणूकपत्रात लिहून घ्यावं.

— एक करसल्लागार, ठाणे