छातीत दुखणे म्हणजे नेहमीच गॅस नव्हे

"गॅस झाला असेल, ओवा खा आणि पड जरा." वस्तीत रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले की पहिला उपाय हाच. आम्ही रात्रपाळी करत होतो तेव्हाची गोष्ट. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या टोपल्या वाहणारा पन्नाशीचा एक भाऊ पहाटे आमच्याकडे आला. रात्री दहापासून छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटत होते, घामाने बनियन भिजले होते. आधी ज्या दवाखान्यात गेला तिथे त्याला आम्लपित्ताची गोळी देऊन घरी पाठवले होते. तिथे ना ईसीजीचे यंत्र होते, ना रक्त तपासायची सोय. आमच्याकडे ईसीजी निघाला तोवर झटका येऊन कितीतरी तास उलटले होते. भाऊ वाचला, पण टोपली पुन्हा उचलू शकला नाही. त्यानंतर घर वहिनींच्या मजुरीवर चालले.

हे आठवायचे कारण म्हणजे एका प्राध्यापकांचे काम. डॉ. व्ही. रामगोपाल राव हे तेलंगणातल्या कोल्लापूरचे. पवईच्या आयआयटीत ते विद्युत अभियांत्रिकीचे अध्यापक झाले. २००५ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, २०१३ मध्ये इन्फोसिस पुरस्कार, आणि २०१६ ते २०२१ ते दिल्ली आयआयटीचे संचालक होते. पण आमचे लक्ष गेले ते त्यांच्या पवईतल्या एका कामाकडे. हृदयविकाराचा झटका रक्ताच्या थेंबावरून ओळखणारा अतिसूक्ष्म संवेदक, म्हणजे सेन्सर, बनवण्याचे ते काम.

त्याची रीत समजायला सोपी आहे. विहिरीवर उडी मारायला एक फळी एका टोकाने बसवलेली असते, तशी पट्टी डोळ्यासमोर आणा. फक्त ती इतकी लहान, की तिची जाडी केसापेक्षाही कितीतरी कमी. तिच्या एका बाजूला प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन, मायोग्लोबिन ही प्रथिने रक्तात उतरतात. ती प्रतिपिंडांना येऊन चिकटली की पट्टी किंचित वाकते, आणि त्या वाकण्याने तिच्यातला विद्युत रोध बदलतो. तो बदल यंत्राने वाचायचा. महागड्या सिलिकॉनऐवजी पॉलिमरची पट्टी करून खर्च उतरवायचा, हाही त्यात विचार होता. अभियंते, रसायनवाले आणि जीवशास्त्रवाले एकत्र बसले तेव्हा हे साधले.

आता आमचे म्हणणे. याच सूक्ष्म पट्टीच्या विद्येतून पुढे स्फोटके हुंगणारे यंत्र तयार झाले. आयआयटी मुंबईत उभ्या राहिलेल्या नॅनोस्निफ कंपनीच्या त्या 'नॅनोस्निफर'चे एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. काही सेकंदांत ते स्फोटकाचा कण ओळखते. चांगलेच झाले, लोकांचे जीव त्यानेही वाचतील. पण हृदयाचा झटका ओळखणारी तशी पट्टी आमच्या वस्तीजवळच्या एकाही दवाखान्यात आम्ही पाहिलेली नाही. आम्हाला याचे कारण एकच दिसते. सुरक्षेला गिऱ्हाईक आहे, सरकार पैसे मोजते. टोपली वाहणाऱ्याच्या छातीला गिऱ्हाईक नाही. दोष शास्त्रज्ञांचा नाही. मागणी करणारे आपण गप्प आहोत, हा दोष आहे. पवईच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्राला केंद्र सरकारचा पैसा लागला, आणि सरकारचा पैसा म्हणजे साबणावर कर भरणाऱ्या आपलाही पैसा.

नवे यंत्र येईल तेव्हा येईल. जे जुने आहे तेही आपल्यापर्यंत नीट पोहोचत नाही. ट्रोपोनिनची साधी तपासणी पट्टी बाजारात आहे, ईसीजीचे यंत्र हातात धरून नेता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही दोन्ही आहेत का, रात्री ती वापरणारे माणूस आहे का, हे महिला मंडळाने जाऊन विचारावे. तोंडी उत्तरावर न थांबता लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामसभेत, नगरपरिषदेत हा विषय मांडावा. रत्नागिरीत खाडी ओलांडून, घाटवळणे घेत रुग्ण आणावा लागतो. इथे जवळच्या केंद्रात झालेले निदान म्हणजे वाचलेले तास.

आणि घरातल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणे, यांतले काहीही असले तर ओवा शोधत बसू नये, १०८ला फोन करावा. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळते. ट्रोपोनिन रक्तात दिसायला काही तास लागतात, म्हणून पहिली तपासणी चांगली आली तरी डॉक्टरांना विचारून ती पुन्हा करून घ्यावी. रुग्णाला चालवत नेऊ नये.

शेवटी आपल्या मुलामुलींविषयी. शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरे आपल्या वस्तीतही आहेत. त्यांनी नोकरी जरूर शोधावी. पण ज्यांनी आपल्या आजोबाला पहाटे रिक्षात घालून नेलेले पाहिले आहे, तेच हे यंत्र वस्तीत आणायला सर्वांत आधी धडपडतील, असे आम्हाला वाटते. त्यांना शिकू द्या, आणि तोवर आपण अर्ज लिहायला बसू.