पाच मिनिटांचे संशोधन आणि पेठचे पाडे

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याचे नाव वर्तमानपत्रांतून झळकते ते बहुधा दोनच प्रसंगी: पावसाळ्यात घाटरस्ता खचला म्हणजे आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्या म्हणजे. मानसिक आरोग्याच्या अभ्यासकांना मात्र हे नाव निराळ्याच कारणाने परिचित आहे. २०१३ ते २०१५ या काळात येथील ४१ गावांत ‘आत्मीयता’ नावाचा एक उपक्रम राबविण्यात आला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र त्यामागे होते. बचतगटांतील, शेतकरी मंडळांतील साध्या स्त्रीपुरुषांना प्रशिक्षण देण्यात आले. खचलेल्या माणसाचे कसे ऐकून घ्यावे, त्याच्याशी काय बोलावे आणि गरज पडल्यास त्याला डॉक्टरपर्यंत कसे पोचवावे, एवढेच त्यांनी शिकावयाचे होते. घरातील कलह, दारू, बेकारी अशा विषयांवरील छोटे लघुपट ते आपल्या मोबाइलवर शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवीत. पुढे हीच पद्धत गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात अधिक विस्ताराने नेण्यात आली.

या जुन्या उपक्रमाची आठवण व्हावी असा प्रश्न आज आपल्या महाविद्यालयांपुढे आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्यालाही क्षेत्रप्रकल्प व समाजसहभागाचे प्रकल्प करावयास लावले. त्यापूर्वीच, २००६ पासून, कुलपतींच्या प्रेरणेने ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा भरू लागली होती. भित्तिपत्रक लावावे, त्यापुढे उभे राहून चार मिनिटांत आपले म्हणणे मांडावे, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, हा प्रकार आता विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली तर आपला सबंध प्रबंध तीन मिनिटांत सांगण्याची स्पर्धाच सुरू केली व ती जगभर पसरली.

थोडक्यात सांगण्याच्या या सक्तीला पोरखेळ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. पाच मिनिटांत परिभाषेचा आडोसा घेता येत नाही. ‘औषधोपचार-अनुपालन’ असा शब्द योजणाऱ्या विद्यार्थ्याला ‘क्षयाचा रोगी बरे वाटू लागताच गोळ्या का सोडतो’ असे साधे विचारावे लागते, आणि असे विचारताच त्याला स्वतःलाच आपला प्रश्न अधिक नीट कळतो. आरोग्य मानसशास्त्राचे क्षेत्र नेमके हेच आहे. गरोदर बाई तपासणी का टाळते, मधुमेही माणूस पथ्य का मोडतो, ताप आल्यावर पाड्यावरचे कुटुंब आधी भगताकडे का जाते, असे त्याचे प्रश्न. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९७८ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला.

आपल्याकडे मात्र या विषयाला बसावयास जागा नाही. ‘आविष्कार’च्या सहा गटांत मानसशास्त्र मानव्यविद्यांकडे जाते, आरोग्य वैद्यक व औषधनिर्माणाकडे. जे स्पर्धेत, तेच विद्यापीठांत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. पण पेठच्या महाविद्यालयातील कला शाखेचा विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा. क्षयरोग्याच्या मनाचा अभ्यास करणारी मुलगी आणि त्याच रोग्याला उद्या औषध लिहून देणारा मुलगा यांची शिक्षणकाळात एकदाही गाठ पडू नये, अशीच जणू ही रचना आहे. संमेलनांतील चहापानाच्या वेळी होणाऱ्या ओळखींची आपण थट्टा करतो (ती पुष्कळदा रास्तही असते), तथापि या दोघांच्या बाबतीत अशा ओळखीवाचून दुसरा मार्ग दिसत नाही.

याहून गंभीर उणीव श्रोत्यांची आहे. माहिती गोळा होते पाड्यावर, मांडली जाते शहरात, आणि ऐकतात ते गुण देणारे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सामान्य मानसिक विकारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. ही दरी बुजविण्याच्या कामी ज्यांची गाठ प्रत्यक्ष रोग्याशी पडते त्या आशा कार्यकर्त्या, परिचारिका, आश्रमशाळांचे शिक्षक विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाला बोलावले जातात काय? वस्तुतः पहिल्या रांगेचा मान त्यांचा. ‘तुमची प्रश्नावली चुकली, आमच्याकडे बाया असे विचारल्यास उत्तर देत नाहीत,’ असे एखाद्या आशाताईने उठून सांगितले, तर ते दहा परीक्षकांच्या शेऱ्यांहून मोलाचे ठरेल. सादरीकरण मराठीत व्हावे, जमेल तेथे कोकणा बोलीत व्हावे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

यात एक धोका आहे आणि तो लहान नाही. पुण्यातल्या सभागृहात ‘एक विवाहित स्त्री, वय ३०’ म्हटल्यास कोणाला काही कळत नाही. पेठमध्ये पाड्याचे नाव न घेताही अर्धी सभा ती स्त्री कोण हे ओळखील. तिने विश्वासाने सांगितलेले दुःख विद्यार्थ्याच्या गुणांसाठी चव्हाट्यावर येता कामा नये. म्हणून एकेका व्यक्तीच्या हकिकती अशा सभेत मुळीच सांगू नयेत. अनेकांच्या बोलण्यातून जे समान निघाले तेवढेच मांडावे, आणि तेही ज्यांनी माहिती दिली त्यांना आधी ऐकवून. त्यांनी नको म्हटले तर तो भाग गाळावा, गुण कमी पडले तरी चालतील.

खर्चाचा बाऊ करण्यासारखे यात काही नाही. महाविद्यालयाची एक खोली, भिंतीवर चिकटविलेले कागद आणि लांबून येणाऱ्यांचे एस. टी.चे भाडे एवढ्यावर हे भागते. दिवसाची निवड मात्र विद्यापीठाच्या वेळापत्रकावर सोडू नये. संशोधन स्पर्धांच्या फेऱ्या बहुधा हिवाळ्यात भरतात, आणि दिवाळीनंतर पेठमधील कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेली असतात. त्यांच्याविषयीचे निष्कर्ष त्यांच्यापुढे वाचावयाचे असतील, तर भात व नागली घरात आल्यानंतर आणि बिऱ्हाडे हलण्यापूर्वी जे थोडे दिवस मिळतात, त्यांतलाच एखादा धरावा लागेल.