उष्टें ताट आणि तराजू

घरांत कर्करोगाचा रुग्ण असला म्हणजे समाचारास येणारा प्रत्येक जण "जेवण जातें ना?" असें विचारतो, आणि घरचीं माणसें "बरें जातें" असें सांगतात. गतवर्षीं आमच्या ज्येष्ठ भगिनी अक्का यांच्या दुखण्यांत आम्हीही तेंच सांगत होतों. वजन मात्र सहा महिन्यांत ६० किलोंवरून ५३ वर आलें.

२०११ सालीं अनेक देशांच्या तज्ज्ञांनीं एकमतानें केलेल्या व्याख्येनुसार, उपासतापास नसतां सहा महिन्यांत शेंकडा ५ हून अधिक वजन घटणें हें या झिजेचें लक्षण होय. (तिला क्षय म्हणण्याचें आम्ही टाळतों, वाचकांस राजयक्ष्म्याचा भ्रम व्हावयाचा.) तींत स्नायू झडतात, व नुसतें अन्न वाढवून ती पुरती भरून येत नाहीं. तथापि पोटांत किती जातें हें कळल्यावांचून उपायही योजतां येत नाहीं. चरकसंहितेंत 'मात्राशितीय' नांवाचा अध्याय आहे. तेथें आहाराची मात्रा ठरते ती खाणाऱ्याच्या अग्निबलावरून, वाढणाऱ्याच्या मायेवरून नव्हे.

आहारतज्ज्ञ बाईंनीं तीन दिवस सर्व जिन्नस तोलून टिपून ठेवण्यास सांगितलें. वाढल्यावर ताट तोलावयाचें व जेवण झाल्यावर पुनः तोलावयाचें. उष्टें ताट स्वयंपाकाच्या तराजूवर ठेवण्यास घरांत कुरकुर झाली. अखेर निराळा काटा आणून बाहेर ठेवला. वरणाचा हिशेब तर भलताच निघाला. १०० ग्रॅम डाळीचें ६०० ग्रॅम वरण होई. त्यांतील ९० ग्रॅमांची वाटी म्हणजे १५ ग्रॅम डाळ, अर्थात् प्रथिनें जेमतेम ३ ग्रॅम! आणि ती वाटीही अर्धी उरे. तीन फुलक्यांपैकीं एकच पोटांत जाई. उरलेले अक्का हळूच नातवाच्या हातीं देत, कारण पानांत टाकूं नये ही जन्माची शिस्त. आम्हीं इतकीं वर्षें मुलांचीं गणितें तपासलीं, पण हें ताट तपासलें नव्हतें.

दिवसाचे सारे मिळून ७०० उष्मांक भरले. अशा रुग्णांस दर किलो वजनामागें २५ ते ३० उष्मांक धरतात, म्हणजे अक्कांस १३०० हून अधिक हवे होते. "तुम्हांला वाईट वाटेल म्हणून जेवलें म्हणत होतें रे," अक्का म्हणाल्या.

तीन दिवसांनंतर काटा उचलून ठेविला. आपलें खाणें तोललें जात आहे हें ध्यानीं येतांच रुग्ण भिडेस्तव अधिक खातो, नाहींतर मुळींच खात नाहीं. वरण घट्ट झालें, भातावर तूप दुप्पट पडूं लागलें, दर दोन तासांनीं चार घांस देण्याचा परिपाठ ठेविला, आणि जेवतांना पाहुण्यांनीं जवळ बसूं नये असें ठरविलें. वजन वाढलें नाहीं. पण पुढील दोन महिने तें ५३ वरच राहिलें.